आजार, सवयी आणि परिस्थिती : सार्वजनिक आरोग्यातलं पहिलं संशोधन कसं उभं करायचं

सार्वजनिक आरोग्यात नव्याने येणाऱ्यांच्या प्रस्तावांत एक वाक्य हमखास सापडतं : 'लोकांमध्ये जागरूकतेचा अभाव आहे.' रुग्णांनी औषध सोडलं, जागरूकतेचा अभाव. लसीचा डोस चुकला, जागरूकतेचा अभाव. तपासणीला उशिरा आले, पुन्हा तेच. अभ्यास सुरू होण्याआधीच निष्कर्ष लिहून झालेला असतो आणि मग प्रश्नावलीही त्यालाच दुजोरा मिळेल अशी बनते. या लेखाचा सगळा रोख त्याविरुद्ध आहे. माणसाच्या वागण्यामागे कारणं असतात, त्यांतली बरीचशी त्याच्या परिस्थितीत असतात आणि ती मोजता येतात.

हे किती काटेकोरपणे करता येतं ते पाहायचं तर पेलाग्राचा अभ्यास समजून घ्यावा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात या आजाराने हजारो माणसं दगावत होती. कातडीवर चट्टे, जुलाब आणि शेवटी बुद्धिभ्रंश. हा संसर्ग असावा असा अनेक डॉक्टरांचा समज होता. 1914 साली सरकारी आरोग्यसेवेने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना या कामावर नेमलं. मनोरुग्णालयांत आणि अनाथालयांत फिरताना त्यांनी एक गोष्ट टिपली : आत राहणाऱ्यांना पेलाग्रा होत होता, पण त्यांच्यासोबत दिवसभर वावरणाऱ्या कर्मचाऱ्यांना होत नव्हता. संसर्ग असता तर त्याने असा भेद केला नसता. आहारात दूध, अंडी, मांस वाढवल्यावर अनाथालयांतल्या मुलांचा आजार हटला.

इथे थांबलं असतं तर निष्कर्ष निघाला असता की लोक नीट खात नाहीत. ते थांबले नाहीत. 1916 पासून अर्थतज्ज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ एडगर सिडनस्ट्रिकर यांच्यासोबत त्यांनी साउथ कॅरोलिनातल्या सूतगिरणी कामगारांच्या सात वस्त्यांत घरोघर माहिती गोळा केली. घरात 15 दिवसांत कोणतं अन्न किती आलं, उत्पन्न किती, आजारी कोण पडलं. उत्पन्न नुसतं 'कुटुंबामागे इतकं' असं धरलं नाही. घरात किती माणसं, त्यांचं वय काय, ती स्त्री की पुरुष, हे लक्षात घेऊन खाणाऱ्या तोंडांच्या हिशेबात ते विभागलं. चित्र स्पष्ट आलं : उत्पन्न जितकं कमी तितका पेलाग्रा जास्त. शिवाय उत्पन्न सारखं असलं तरी आसपासच्या शेतांतून ताजं अन्न विकत मिळणाऱ्या वस्तीत आजार कमी दिसला. पेलाग्रा ज्याच्या अभावाने होतो ते नायसिन हे जीवनसत्त्व कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी 1937 साली शोधलं. म्हणजे आजाराचं सामाजिक कारण कागदावर आलं तेव्हा रासायनिक कारण कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता तुमच्या अभ्यासाकडे वळू. पुढे मी एकच उदाहरण चालवणार आहे : क्षयरोगाचे रुग्ण उपचार मध्येच सोडतात, ते का?

पायरी 1 : प्रश्न अरुंद करा

'रुग्ण औषध का सोडतात?' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. अभ्यासाच्या प्रश्नात चार गोष्टी असाव्या लागतात : कोणती माणसं, कोणती परिस्थिती किंवा सवय, कुणाशी तुलना आणि कोणता परिणाम किती काळात. साध्या क्षयाचा उपचार साधारण 6 महिन्यांचा, त्यातले पहिले 2 महिने जास्त औषधांचे. काही आठवड्यांतच रुग्णाला बरं वाटू लागतं आणि खाडे सुरू होतात. म्हणून प्रश्न असा घडवता येईल : नव्याने उपचार सुरू झालेल्या प्रौढ रुग्णांपैकी ज्यांचा केंद्रात येण्याने त्या दिवसाचा रोजगार बुडतो, त्यांच्यात 6 महिन्यांच्या आत उपचार तुटण्याचं प्रमाण पगारी रजा मिळणाऱ्यांपेक्षा जास्त असतं का?

'उपचार तुटणं' म्हणजे काय, तेही आत्ताच लिहून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या सलग 2 महिने किंवा त्याहून जास्त खंड अशी आहे. तीच वापरा. स्वतःची नवी व्याख्या केली तर तुमचे आकडे दुसऱ्या कुणाच्याच आकड्यांशी ताडून पाहता येणार नाहीत.

मग एका कोऱ्या कागदावर अहवालातला मुख्य तक्ता आखा, रिकामाच. ओळी कोणत्या, रकाने कोणते. जो रकाना कसा भरणार हे सांगता येत नाही, तिथे प्रश्न अजून कच्चा आहे. आधीचं वाचन या टप्प्यावर करायचं. त्यात निष्कर्षांपेक्षा पद्धतीचा भाग बारकाईने वाचा : त्यांनी कुणाला विचारलं, किती जणांनी नकार दिला, काय कसं मोजलं.

पायरी 2 : बाणांचं चित्र काढा

आजार, वागणूक आणि सामाजिक घटक यांना तीन समांतर रकान्यांत मांडायची सवय फार पसरली आहे. त्याऐवजी बाण काढा. रोजंदारीचं काम → वेळ काढता न येणं → खाडे → उपचार तुटणं. कलंकाची भीती → घराजवळच्या केंद्रात न जाणं → लांबचा प्रवास → खाडे. दारूचं व्यसन दोन्हीकडे बाण सोडेल : त्याचा नोकरीवरही परिणाम होतो आणि औषध घेण्यावरही.

या चित्रात दोन जागा वेगवेगळ्या ओळखायच्या. एखादा घटक कारण आणि परिणाम दोन्हींवर मागून प्रभाव टाकत असेल तर तो कन्फाउंडर. त्याचा हिशेब विश्लेषणात करावाच लागतो. पण जो घटक कारण आणि परिणाम यांच्या मधल्या वाटेवर उभा आहे, तो कन्फाउंडर नाही. त्याला 'समायोजित' करून टाकलं, म्हणजे हिशेबात त्याचा प्रभाव काढून टाकला, तर ज्या वाटेने परिस्थिती काम करते तीच वाट तुम्ही पुसून टाकता आणि मग 'सामाजिक घटकाचा परिणाम आढळला नाही' असं लिहून मोकळे होता. ही चूक छापील शोधनिबंधांतही दिसते आणि तिची किंमत गरीब माणसं मोजतात, कारण दोष पुन्हा त्यांच्याच सवयींवर जातो.

कन्फाउंडर हाताबाहेर गेला तर काय होतं? रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकार कमी दिसतो असं अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांनी दाखवलं होतं. 2002 साली अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'च्या चाचणीत 16,608 स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्या तसं दोन गटांत विभागून पाहिलं, तेव्हा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या गटात हृदयविकार कमी झाला नव्हता, उलट थोडा वाढला होता. आधीच्या अभ्यासांत हार्मोन घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या आणि तब्येतीची काळजी घेणाऱ्या होत्या, हे त्या फरकामागचं एक मोठं कारण होतं. त्या परिस्थितीचं श्रेय गोळीला मिळालं होतं.

पायरी 3 : अभ्यासाचा प्रकार ठरवा

एकाच वेळी सगळं विचारून घेणारा सर्व्हे (क्रॉस-सेक्शनल) स्वस्त आणि झटपट होतो. समस्या किती पसरली आहे हे तो सांगतो. आधी काय आणि नंतर काय, हे मात्र सांगत नाही. कोहॉर्टमध्ये माणसांना काळाच्या ओघात पाहत जायचं. वेळ लागतो, पण क्रम कळतो. केस-कंट्रोलमध्ये आजार झालेले आणि न झालेले घेऊन मागचं विचारायचं.

केस-कंट्रोलची ताकद एका छोट्या गणितात दिसते. 1950 साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी इंग्लंडमधल्या रुग्णालयांत फुफ्फुसाचा कर्करोग झालेले 649 पुरुष आणि इतर आजारांचे 649 पुरुष घेतले. कर्करोगाच्या गटात कधीच धूम्रपान न केलेले फक्त 2 निघाले, दुसऱ्या गटात 27. आता भागाकार करा. पहिल्या गटात धूम्रपान करणाऱ्या 647 ला न करणाऱ्या 2 ने भागा : 323.5. दुसऱ्यात 622 ला 27 ने भागा : साधारण 23. या दोन आकड्यांचं गुणोत्तर, म्हणजे ऑड्स रेशो, 14 येतो. वही-पेन्सिलीने हे एकदा स्वतः करून पाहा, सॉफ्टवेअर नंतर उघडा.

नवशिक्यांना माझा सल्ला : केंद्रात उपचाराच्या नोंदी नीट ठेवल्या जात असतील तर त्या नोंदींवरून मागे जाऊन कोहॉर्ट उभा करा. क्षयाच्या प्रश्नाला तो सगळ्यात जुळतो. आणि प्रश्नावली बनवण्याआधी उपचार सोडलेल्या आठ-दहा जणांशी मोकळेपणाने, वेळ घेऊन बोला. कोणते प्रश्न विचारायचे हे त्यांच्याकडून कळतं. हा टप्पा गाळू नका.

पायरी 4 : कुणाला घ्यायचं

उपचार सोडलेला रुग्ण केंद्रात भेटत नाही. केंद्राच्या रांगेत उभं राहून 'लोक उपचार का सोडतात' असं विचारलं तर उत्तर देणारे सगळे न सोडलेले असतात. म्हणून यादी रांगेवरून करायची नाही, नोंदवहीवरून करायची : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत उपचार सुरू झालेला प्रत्येक जण. पत्ता बदललेले, फोन न उचलणारे, मरण पावलेले, सगळे या यादीत राहतात. त्यांतले किती सापडले नाहीत ते अहवालात आलंच पाहिजे. छेदातून, म्हणजे ज्या एकूण संख्येने भागतो तिच्यातून, माणसं गळली की टक्केवारी खोटी होते.

नमुना किती मोठा? 384 हा आकडा जिथे तिथे उतरवलेला दिसतो. तो एका विशिष्ट गरजेसाठी आहे : मोठ्या लोकसंख्येतून यादृच्छिक नमुना घेऊन एखादं प्रमाण 95 टक्के विश्वासाने, 5 टक्के इकडेतिकडे धरून काढायचं असेल तेव्हा. दोन गटांची तुलना करायची असेल तर तो लागू नाही. एका गटात उपचार तुटण्याचं प्रमाण 20 टक्के आणि दुसऱ्यात 30 टक्के असेल असा अंदाज धरला आणि तो फरक 80 टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे 290 माणसं लागतात. फरक 20 विरुद्ध 25 इतकाच असेल तर प्रत्येक गटात सुमारे 1,090. फरक निम्मा झाला की माणसं जवळपास चौपट लागतात, एवढं लक्षात ठेवलं तरी प्रस्तावातली बरीच फसगत टळते.

वस्तीवस्तीतून माणसं निवडणार असाल तर आणखी एक भर पडते, कारण एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात. प्रत्येक वस्तीतून 20 जण घेतले आणि त्यांच्यातलं साम्य (इंट्राक्लस्टर कोरिलेशन) अवघं 0.05 असलं, तरी नमुना जवळजवळ दुप्पट करावा लागतो.

पायरी 5 : प्रश्नावली

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथे राहिलेली चूक पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने निस्तरत नाही.

एक प्रश्न घेऊ : 'तुम्ही औषधं नियमित घेता का?' उत्तर 'हो' असंच येणार. विचारणाऱ्याच्या गळ्यात ओळखपत्र आहे, हातात वही आहे, 'नाही' म्हणणं म्हणजे समोरासमोर कबुली देणं. शिवाय 'नियमित' म्हणजे काय, हे प्रत्येकाचं वेगळं. तोच प्रश्न असा विचारा : 'बऱ्याच जणांचे कधी ना कधी औषधाचे डोस राहून जातात. गेल्या 7 दिवसांत तुमचे किती दिवस राहून गेले?' चुकणं स्वाभाविक आहे हे आधी सांगितलं, मुदत ठरवून दिली, उत्तर आकड्यात मागितलं. लगेच पुढचा प्रश्न : 'शेवटचा डोस राहिला त्या दिवशी काय झालं होतं?' इथे पर्याय वाचून दाखवू नका. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. 'कामावरून सुटेपर्यंत केंद्र बंद झालं होतं' हे उत्तर 'विसरलो'च्या खणात कोंबलं की तुमच्या अभ्यासाचा जीवच जातो.

मुदत ठरवताना आठवणीचा विचार करा. रोजच्या गोष्टींसाठी काही दिवस, रुग्णालयात भरती होण्यासारख्या मोठ्या घटनेसाठी वर्षभर चालतं. जिथे शक्य आहे तिथे सांगितलेलं पडताळा. धूम्रपानासाठी लाळेतलं किंवा लघवीतलं कोटिनिन तपासता येतं, औषधासाठी उरलेल्या गोळ्या मोजता येतात.

सामाजिक परिस्थितीवर तर एका प्रश्नात भागूच नये. उत्पन्न विचारलं की लोक अवघडतात आणि अनेकांचं उत्पन्न महिन्याला सारखं नसतंही. त्यासोबत शिक्षण, कामाचा प्रकार, काम चुकल्यास पैसे कापले जातात का, घरात किती माणसं किती खोल्यांत राहतात, अंगावर कर्ज आहे का, हेही घ्या. 'केंद्रात यायला-जायला आणि थांबायला मिळून किती वेळ गेला, त्या दिवसाची किती कमाई बुडाली' हे दोन प्रश्न मला कोणत्याही संपत्ती-निर्देशांकाइतकेच मोलाचे वाटतात.

दुसऱ्या भाषेतली तयार मोजपट्टी (ठरावीक प्रश्नांचा संच) वापरणार असाल तर एकाने भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणावं आणि मग दोन्ही ताडून पाहावं. नंतर काही जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, 'तुम्हाला काय कळलं? तुमच्या शब्दांत सांगा.' अशा छोट्या चाचणीत, म्हणजे पायलटमध्ये, अडखळलेला प्रत्येक प्रश्न बदला.

पायरी 6 : संमती आणि गोपनीयता

अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसेवेने 1932 ते 1972 अशी 40 वर्षं अलाबामातल्या टस्कीगी इथे सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांचा 'अभ्यास' केला. आजार काय आहे हे त्यांना खरं सांगितलं नाही आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. हे उघडकीस आल्यावर 1979 सालचा बेलमाँट अहवाल आला आणि माणसाचा आदर, त्याचं हित आणि न्याय ही तीन तत्त्वं त्यात मांडली गेली. नैतिकता समितीची मंजुरी ही या इतिहासातून आलेली आहे. मंजुरी हातात येईपर्यंत एकही मुलाखत घ्यायची नाही, ओळखीतली सुद्धा.

संमतीपत्र वाचून दाखवा, नकार दिल्याने उपचारावर काहीही परिणाम होणार नाही हे तोंडी सांगा आणि शक्यतो उपचार देणाऱ्या कर्मचाऱ्याला संमती घ्यायला पाठवू नका, कारण त्याला नाही म्हणणं रुग्णाला जड जातं. घरी जाताना आजाराचं नाव लिहिलेली पिशवी, टोपी, गाडी काहीही नको. शेजाऱ्यांना कळलं तर त्या माणसाचं नुकसान तुम्ही केलं. नावं काढून टाकणंही पुरेसं नसतं : लहान वस्तीत वय, व्यवसाय आणि आजार एकत्र आले की माणूस ओळखता येतो.

काही जणांशी बोलताना मदतीची गरज समोर येईल. उपचार पुन्हा सुरू करायची इच्छा, घरातली हिंसा, जीव द्यावासा वाटणं. अशा वेळी कुणाकडे पाठवायचं, हे मुलाखतकारांना पहिल्या दिवसाआधी लेखी दिलेलं असावं.

पायरी 7 : डेटा आणि विश्लेषण

कोडबुक, म्हणजे कोणत्या उत्तराला कोणता आकडा द्यायचा याची यादी, आधी बनवा. 'माहीत नाही', 'सांगायचं नाही' आणि 'प्रश्न लागू नाही' यांना तीन वेगळे कोड द्या. 'माहीत नाही'साठी 99 वापरला आणि ते सॉफ्टवेअरला सांगायला विसरलात, तर कुणाचं वय 99 होतं आणि सरासरी बिघडते. रोज संध्याकाळी त्या दिवसाचे फॉर्म तपासा. आठवड्याने तपासाल तर परत विचारायला माणूस सापडत नाही.

विश्लेषण साध्या तक्त्यापासून सुरू करा, तोच जो पहिल्या पायरीला रिकामा आखला होता. मग गटवार तक्ते, मग मॉडेल, म्हणजे अनेक घटकांचा एकत्र हिशेब करणारं गणित. मॉडेलमध्ये काय घालायचं हे बाणांच्या चित्रावरून ठरवा, पी-व्हॅल्यूवरून (दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता किती, हे सांगणाऱ्या आकड्यावरून) नाही. निकाल सांगताना 'दुप्पट धोका' एवढंच लिहू नका, शंभरात किती विरुद्ध शंभरात किती तेही लिहा. विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो, तीही सोबत द्या.

आणि सवयींपाशी थांबू नका. ब्रिटनमध्ये 1967 साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सरकारी नोकरीतले पुरुष होते, सगळे कार्यालयात काम करणारे, कुणीही बेकार नाही. तरी 10 वर्षांत सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सगळ्यात वरच्या श्रेणीच्या तिप्पट निघाला. खालच्या श्रेणीत धूम्रपान जास्त होतं हे खरं. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केल्यावरही फरकाचा मोठा भाग तसाच उरला. असा उरलेला भाग तुमच्याही तक्त्यात दिसेल. तो चर्चेच्या भागात ठळकपणे मांडा.

पायरी 8 : लिहिणं आणि परत जाणं

निरीक्षणात्मक अभ्यास कसा लिहावा यासाठी स्ट्रोब नावाची यादी आहे, ती समोर ठेवून लिहा. निकाल शून्य आला तरी लिहा.

मग ज्यांनी वेळ दिला त्यांच्याकडे परत जा. एका पानावर, साध्या शब्दांत, ओळख पटेल असा एकही तपशील न ठेवता निष्कर्ष सांगा. कोण सहभागी होतं हे उघड होईल अशी सभा घेऊ नका, खुल्या बैठकीत सगळ्या वस्तीला बोलवा. केंद्राच्या कर्मचाऱ्यांशी वेगळं बोला, कारण खाड्यांचा दोष आपल्यावर येतो अशी भीती त्यांनाही असते. दोन्हीकडे एकच विचारा : यातलं काय पटत नाही? केंद्राची वेळ बदलून भागणार नाही, मुकादम सोडतच नाही, असं कुणी सांगितलं तर ते टिपून घ्या आणि अंतिम अहवाल पाठवण्याआधी त्यात घाला.